बाळाला लळा लागतो तो नेमका कशाने? (पाळणाघराच्या माहितीपत्रकासाठी मदत हवी)

ओसरी
पाळणाघरात नव्याने येणाऱ्या बाळांच्या पालकांसाठी चार पानी माहितीपत्रक तयार करते आहे. बाळं सहा महिने ते दीड वर्ष वयाची. खाणंपिणं, औषधं, कपडे, वेळा हे सगळं लिहून झालं. अडलंय ते एका पानावर. नव्या माणसाचा लळा बाळाला कसा लागतो आणि तो लागेपर्यंत मोठ्यांनी काय करायचं?

मुख्य अडचण वयाची आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे रजा संपते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचं असतं. मग "अजून थोडं मोठं होऊ दे" म्हणून शिल्लक रजा, बिनपगारी रजा जोडून घरचे आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत थांबतात, आणि बाळ बुजायला लागतं ते नेमकं तेव्हाच. पाचव्या महिन्यात कुणाच्याही कडेवर हसत जाणारं बाळ नवव्यात दारातच भोकाड पसरतं. पालक समजतात की पाळणाघरातच काहीतरी चुकतंय.

तर विचारायचं असं: लळा कुणाचा लागतो? भरवणाऱ्याचा, जास्त वेळ जवळ असणाऱ्याचा, की आणखी कशाने? पाळणाघरातल्या मावशींचा लळा लागला तर आईचा कमी होतो का? (हे उघडपणे क्वचितच कुणी विचारतं, मनात मात्र बहुतेकींच्या असतं.) आणि पहिले पंधरा दिवस कसे आखावेत?

कडुनिंब
चांगला धागा. आधी वयाचं बघू, बाकीचं त्यावरच उभं आहे.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने मांडलेले टप्पे ढोबळमानाने असे. जन्मापासून साधारण दीड महिन्यापर्यंत बाळ कुणाच्याही कुशीत शांत होतं. आईचा आवाज आणि वास त्याला ओळखू येतो, पण परकं माणूस चालतच नाही असं नसतं. दीड ते सहा-आठ महिने या काळात ओळखीच्या माणसांकडे बघून ते जास्त हसतं, त्यांच्याशी जास्त हुंकारतं, तरी दुसऱ्याकडे जातं. सहा-आठ महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत माणसं पक्की ठरलेली असतात. तीच हवीत, ती नजरेआड झाली की रडू. त्यापुढे भाषा येते, "आई ऑफिसला गेली, संध्याकाळी येणार" हे समजायला लागतं.

मधला बदल सहा-आठ महिन्यांत का होतो? दोन गोष्टी एकत्र येतात. एक तर न दिसणारी वस्तू किंवा माणूस अजून कुठेतरी आहे हे बाळाला कळायला लागतं. चौथ्या महिन्यात खुळखुळ्यावर दुपटं टाकलं की बाळाच्या लेखी खुळखुळा संपला. नवव्या महिन्यात ते दुपटं ओढून काढतं. आईचंही तेच. ती आहे, पण इथे नाही, एवढं कळतं. ती केव्हा येणार हे कळत नाही. दुसरं म्हणजे बाळ सरकायला, रांगायला लागतं. लांब जाता येतं म्हणून परतून येण्याचं ठिकाणही लागतं.

त्यामुळे माहितीपत्रकात पहिलंच वाक्य असं घाला: नवव्या महिन्यातलं बुजणं हे लळा नीट लागल्याचं लक्षण आहे, बिघाडाचं नाही.

खडीसाखर
लळा भरवणाऱ्याचाच लागतो, त्यात विचारायचं काय? दूध तुटलं की ओढ कमी होते असंच सगळीकडे ऐकू येतं.

नदीकाठ
खडीसाखर, पन्नासच्या दशकापर्यंत बरेच मानसशास्त्रज्ञही तेच धरून चालत होते. ते खोडून निघालं १९५८मध्ये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिल्लांना दोन खोट्या 'आया' दिल्या, एक नुसत्या तारेची आणि दुसरी मऊ कापड गुंडाळलेली. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली तरी पिल्लं दूध पिण्यापुरती तिच्याकडे जायची आणि उरलेला सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून असायची. घाबरली की धाव कापडाच्या आईकडेच.

माणसांच्या बाळांबद्दल १९६४चा ग्लासगोचा अभ्यास बघा. शॅफर आणि इमर्सन यांनी ६० बाळांच्या घरी दर महिन्याला जाऊन नोंदी केल्या. खोलीतून कोण गेलं की बाळ रडतं, पाळण्यात ठेवून कोण दूर झालं की रडतं, हे ते विचारत. साधारण ३९ टक्के बाळांची पहिली जास्त ओढ ज्या माणसाशी होती ते माणूस बाळाचं खाणं-आंघोळ बघणारं मुख्य माणूस नव्हतंच. ज्यांच्याकडे ओढ होती ती माणसं बाळाच्या रडण्या-हसण्याला लगेच दाद देणारी आणि त्याच्याशी खेळणारी होती. दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांची एकाहून अधिक माणसांशी घट्ट नाती झालेली होती, एकाच माणसाशी नातं असलेली बाळं अगदी थोडी.

म्हणजे धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. लळा म्हणजे वाटून संपणारी भाकरी नाही. मावशींचा लागला म्हणून आईचा घटत नाही.

खडीसाखर
हे माहीत नव्हतं. दिवसभर ऑफिसात असलेल्या बाबांना बघून बाळ का उसळतं ते आता कळलं.

पाटपाणी
"दाद देणं" हा शब्द नदीकाठ यांनी वापरलाय, पालकांना तो उलगडून सांगायला हवा. लळ्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी त्याचे चार भाग केले होते: बाळाची खूण दिसणं, तिचा अर्थ बरोबर लावणं, वेळेत प्रतिसाद देणं आणि तो प्रतिसाद त्या खुणेला साजेसा असणं. घराघरांत जे चुकतं ते बहुतेक दुसऱ्या आणि चौथ्या पायरीवर. लक्ष नसतं असं नाही, अर्थ चुकतो.

एक नेहमीचा प्रसंग जवळून बघू. तीन-चार महिन्यांचं बाळ मांडीवर उताणं आहे, मोठं माणूस वाकून "अले माझ्या शोन्या" करतंय. तोंडातलं अंतर वीतभर, म्हणजे २०-३० सेंटीमीटर, सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला सगळ्यात स्पष्ट दिसतं तेवढंच. बाळ बघतं, डोळे मोठे होतात, पाय हलतात, हसतं, हुंकार येतो. अर्ध्या-एक मिनिटाने ते मान बाजूला वळवतं आणि भिंतीकडे बघत बसतं. मोठं माणूस काय करतं? तोंड त्या बाजूला नेतं, आवाज चढवतं, टाळ्या वाजवतं, गाल ओढतं. बाळ आणखी वळतं, बोटं फाकवतं, जांभई देतं, उचकी लागते, पाठ ताणून कमान करतं आणि रडतं. मग "भूक लागली वाटतं" म्हणून दूध.

बाळ वळलं ते कंटाळून नाही. त्याला झेपेल त्याहून जास्त झालं, म्हणून त्याने थोडी विश्रांती घेतली. इथे करायचं एवढंच की गप्प राहायचं, चेहरा शांत ठेवायचा, तिथेच थांबायचं. पाच-दहा सेकंदांत, कधी थोडं जास्त, बाळ आपणहून परत वळतं. परत आल्यावर हळू आवाजात बोलायचं. हे बघणं, वळणं, परत येणं दिवसातून कितीतरी वेळा होतं आणि लळा त्यातून लागतो. "मी थांबवलं की थांबतं, मी बोलावलं की येतं" हा अनुभव बाळाला या माणसाकडून मिळतो.

दमून वळलेल्या बाळाला दूध देणं हा चौथ्या पायरीवरचा घोळ. दूध वाईट नाही, पण विचारलं एक आणि मिळालं दुसरंच.

सांजवात
+१. पण पाटपाणी, हे वाचून एखादी आई घाबरेल की आपलं रोज चुकतंय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या नोंदींप्रमाणे चांगल्या जोड्यांतही आई आणि बाळ यांचा सूर वेळेच्या सुमारे ३० टक्केच जुळलेला असतो. उरलेला वेळ सूर चुकणं आणि परत जुळवणं यात जातो. परत जुळवणं हाच मोठा भाग आहे.

त्यांचा निर्विकार चेहऱ्याचा प्रयोग (१९७८) पालकांना सांगण्यासारखा आहे. आई काही मिनिटं बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग दोन-तीन मिनिटं बाळाकडे बघत राहते, पण चेहरा दगडासारखा. बाळ आधी हसून बघतं, मग हुंकारतं, हात पुढे करतं, बोट दाखवण्याच्या वयाचं असेल तर कुठेतरी बोट दाखवतं. काहीच होत नाही हे बघून मान फिरवतं, अंगठा किंवा कपडा तोंडात घालतं, शेवटी कोसळून रडतं. मग आई पुन्हा नेहमीसारखी होते. बाळ लगेच खुलत नाही, थोडं रुसल्यासारखं राहतं आणि मग परत येतं.

हातातल्या मोबाइलकडे बघत बाळाला पाजणं याच्या जवळ जातं. एखाद्या वेळचं सोडा, पण दिवसातली निम्मी पाजणी तशी होत असतील तर विचार करावा.

तिसरी घंटा
माझा मूळ मुद्द्यालाच आक्षेप आहे. बोल्बी, एन्सवर्थ, हार्लो, सगळं इंग्लंड-अमेरिकेचं. आपल्याकडे बाळ आजीकडे, काकूकडे, शेजारच्या वहिनींकडे वाढतं. पहिलं बाळंतपण माहेरी, मग सव्वा महिन्याने किंवा तिसऱ्या महिन्यात सासरी. आई आणि बाळ असं जोडपं काढून त्यावर सिद्धांत बसवायचा आणि तो नागपूरच्या नाहीतर चिपळूणच्या घराला लावायचा, हे पटत नाही.

नदीकाठ
तिसरी घंटा, आक्षेप रास्त आहे, फक्त अर्धाच. एन्सवर्थ यांनी घरोघरी जाऊन पहिला मोठा अभ्यास केला तो अमेरिकेत नाही, युगांडात. १९५४-५५मध्ये कंपालाजवळच्या गावांतल्या २६ कुटुंबांत. तिथल्या घरांत बाळाला सांभाळणारे हात अनेक होते. तरी बाळं आपापली खास माणसं निवडत होती. आईला टेकून जग बघायला निघणं, घाबरलं की परत येणं, हे त्यांना तिथेच पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

तुमचा आक्षेप जास्त लागू पडतो तो त्यांच्या नंतरच्या परीक्षेला, अनोळखी खोलीच्या. ती अशी: १२ ते १८ महिन्यांचं बाळ आणि आई एका नव्या खोलीत, खेळणी मांडलेली. एकूण आठ भाग, बहुतेक तीन-तीन मिनिटांचे. एक अनोळखी बाई येते, आई बाहेर जाते, परत येते, मग बाळ पूर्ण एकटं, मग अनोळखी बाई, मग आई. लोक समजतात की बाळ किती रडतं ते मोजतात. नाही, मोजतात ते आई परत आल्यावर काय होतं ते.

सुरक्षित लळा असलेलं बाळ दार उघडताच हात वर करून येतं. उचलल्यावर अंग ताठ ठेवत नाही, डोकं खांद्यावर टाकतं, हुंदके लांब लांब होत जातात. मिनिटभराने खांद्यावरूनच मान वळवून खेळण्यांकडे बघतं आणि खाली सरकायला लागतं. दुसऱ्या प्रकारचं बाळ आई आल्यावर खेळण्याकडेच बघत राहतं, जणू ती गेलीच नव्हती. वरून ते शहाणं, न रडणारं वाटतं, पण मोजलं तर त्याच्या हृदयाचे ठोके वाढलेले सापडतात. तिसऱ्या प्रकारचं बाळ उचल म्हणून रडतं आणि उचललं की लाथा मारतं, शांतच होत नाही. चौथा प्रकार पुढे मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी जोडला: आईकडे येता येता मधेच गोठून जाणं, पाठमोरं सरकत येणं. तिथे बाळाला ज्या माणसाकडे धाव घ्यायची त्याचीच भीती असते, असं पुष्कळदा दिसतं.

आता तुमचा मुद्दा. जपानमध्ये साप्पोरोच्या अभ्यासात तिसऱ्या प्रकारची बाळं जास्त निघाली, कारण तिथली बाळं तोवर कधी एकटी राहिलेलीच नव्हती. तीन मिनिटं त्यांना फार झाली. उत्तर जर्मनीत बिलेफेल्डला दुसऱ्या प्रकारची जास्त निघाली. पण १९८८मध्ये आठ देशांतल्या ३२ अभ्यासांतली जवळपास २,००० बाळं एकत्र मांडली तेव्हा सुरक्षित गट सगळीकडे सगळ्यात मोठा होता, आणि देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या अभ्यासांमधला फरक जास्त निघाला.

तेव्हा माणसं किती, हे घराप्रमाणे बदलतं. ठरावीक, ओळखीची, दाद देणारी माणसं लागतात हे बदलत नाही. सासर-माहेरच्या प्रवासाचं म्हणाल तर तिसऱ्या महिन्यातला बदल बाळाला सोपा जातो तो कडुनिंब यांनी सांगितलेल्या टप्प्यांमुळेच. तोच बदल नवव्या महिन्यात केला तर आठवडा-दोन आठवडे बाळ आईला चिकटून राहील.

तिसरी घंटा
युगांडाचं माहीत नव्हतं. मागे घेतो, अर्धा. "आई" ऐवजी "ओळखीची माणसं" असं माहितीपत्रकात छापा, एवढाच आग्रह राहील.

अबोली
नवजात विभागाच्या बाजूने एक भर. सिझेरियन झालं, बाळ काचेच्या पेटीत गेलं, आईला तिसऱ्या दिवशी बघायला मिळालं, की "पहिला तास हुकला" असं मनात बसतं. हे येतं क्लाउस आणि केनेल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या १९७२च्या २८ मातांवरच्या अभ्यासातून. जन्मानंतरचे पहिले तास लळ्यासाठी निर्णायक असतात असा त्याचा अर्थ लावला गेला. नंतरच्या अभ्यासांत तेवढी पक्की वेळमर्यादा टिकली नाही. लवकर जवळ घेणं चांगलं, त्याने दूध लवकर सुरू होतं, बाळाचं तापमान राहतं. पण हुकलं तर दार बंद होत नाही.

कमी वजनाच्या बाळांसाठी मात्र कांगारू पद्धत हा उपचार आहे. १९७८मध्ये कोलंबियात, बोगोटाला, पेट्या कमी पडल्या म्हणून ती सुरू झाली. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, छातीला छाती, मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित वर, म्हणजे श्वास मोकळा राहतो. पाय बेडकासारखे फाकलेले. वरून सुती पट्टा, त्यावर आईचा गाऊन किंवा साडी. एका वेळी किमान एक तास, कारण कमी वेळात उचल-ठेव केल्याने बाळ उलट दमतं. दिवसाचे एकूण ८ ते २४ तास, जेवढे जमतील तेवढे. चूक बहुतेक मानेची होते: हनुवटी छातीला टेकली की श्वास अडतो. २०२१मध्ये दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास आला. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच, स्थिर होण्याची वाट न बघता असं ठेवलं तेव्हा मृत्यू सुमारे २५ टक्के कमी झाले.

बाबा, आजी, मावशी, कुणीही हे करू शकतं. बाबांच्या छातीवर केस असले तरी चालतं, हा प्रश्न दर वेळी येतो!

अजून एक. आधी जन्मलेल्या बाळाच्या टप्प्यांचं वय जन्मतारखेपासून मोजू नका. ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ८ आठवडे आधी आलं. पूर्ण दिवसांचं बाळ सहा-आठ आठवड्यांनी तोंडाकडे बघून हसतं, हे हसेल चौदा-सोळा आठवड्यांनी. बुजणंही तेवढंच उशिरा.

दुपटं
अवांतर: झोळीचं काय? झोळीत झोपवल्याने लळा कमी लागतो असं कुणीतरी सांगत होतं.

अबोली
दुपटं, झोळीचा आणि लळ्याचा काही संबंध नाही. सुरक्षेचा आहे. रात्रभराची झोप सपाट, टणक गादीवर, पाठीवर. झोळीत बाळ गुंडाळी होऊन हनुवटी छातीला टेकते, म्हणून जागं माणूस शेजारी असेल तेव्हाच. अंगावर बांधायची झोळी असेल तर मांड्या फाकलेल्या, गुडघे ढुंगणापेक्षा वर, आणि तोंड कायम दिसेल असं.

मुक्काम श्टुटगार्ट
ओसरी, तिसऱ्या प्रश्नावर कुणी आलं नाही म्हणून लिहितो. इकडे जर्मनीतल्या पाळणाघरांत बर्लिन पद्धत सर्रास वापरतात, १९८०च्या दशकात तिथल्या इन्फान्स संस्थेत तयार झालेली. ती वयाच्या याच अडचणीवर उतारा आहे.

पहिले तीन दिवस आई किंवा बाबा, एकच कुणीतरी, बाळाबरोबर येऊन साधारण तासभर खोलीत बसतात आणि बाळासकट घरी जातात. या तीन दिवसांत बाळाला सोडून जायचं नाही, शौचालयाला जायचं तरी बाळ बरोबर. पालकाने कोपऱ्यात एकाच जागी बसायचं. बाळाला "जा, खेळ" म्हणून ढकलायचं नाही, आलं तर जवळ घ्यायचं. मोबाइल नाही, पुस्तक नाही, दुसऱ्या मुलांशी खेळणंही नाही. ठरलेल्या एकाच ताईने हळूहळू बाळाच्या खेळात यायचं. शी-शू पालक काढतात आणि ताई शेजारी उभी राहून बघते.

चौथ्या दिवशी पहिली ताटातूट. थोड्या वेळाने पालक स्पष्टपणे निरोप घेतात आणि खोलीबाहेर, पण इमारतीतच राहतात. बाळ रडलं नाही, किंवा रडलं पण ताईकडे लवकर शांत झालं, तर अर्ध्या तासापर्यंत थांबायचं. शांत होत नसेल तर दोन-तीन मिनिटांतच परत यायचं. यावरून ठरतं की बाळाला छोटी मुदत लागणार (साधारण आठवडा) की मोठी (दोन-तीन आठवडे). मोठी लागणार असेल तर पुढची ताटातूट सातव्या दिवसाच्या आसपास, तोवर पुन्हा पालक खोलीत.

चौथा दिवस सोमवारी येत असेल तर ताटातूट मंगळवारी. शनिवार-रविवार घरी राहिल्याने ओळख थोडी मागे गेलेली असते.

आणि सवय झाली कधी म्हणायची? बाळ रडत नाही तेव्हा नाही. रडल्यावर ताईकडे जाऊन शांत होतं, तेव्हा.

रानजाई
श्टुटगार्ट यांचं शेवटचं वाक्य ठळक छापा.

आपल्याकडे हे मोडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, सुट्टी. पालक रुजू व्हायच्या आदल्या दिवशी बाळाला आणतात. माहितीपत्रकात स्पष्ट लिहा की रुजू होण्याच्या किमान तीन आठवडे आधी यायचं. तेवढी रजा नसेल तर हे दिवस आजी-आजोबांनी केले तरी चालतील, फक्त रोज तेच माणूस हवं.

दुसरं, गुपचूप सटकणं. "बाळ खेळतंय, निघा पटकन." त्या दिवशी रडणं वाचतं आणि पुढचे दहा दिवस बाळ दाराकडे डोळे लावून बसतं, कारण आई कधीही नाहीशी होऊ शकते हे ते शिकलं. सांगून निघायचं. निरोप अर्ध्या मिनिटाचा: जवळ घ्यायचं, रोज तेच वाक्य, मावशींच्या हातात द्यायचं (मावशींनी ओढून घ्यायचं नाही), हात हलवायचा, मागे न वळता जायचं. चौथ्या दिवसाची पहिली ताटातूट सोडली, तर रोजच्या निरोपानंतर रडणं ऐकून परत आलात की बाळाला वाटतं रडण्याने आई येते, आणि मग ती पुन्हा जाते. दोनदा मोडतं ते.

तिसरं, माणसं. एका मावशींकडे आठ-दहा बाळं असतील तर वरचं काहीही होणार नाही. इंग्लंडात दोन वर्षांखालच्या ३ बाळांमागे १ माणूस असा नियम आहे. आपल्याकडे तेवढं परवडत नसेल तरी निदान नेमून द्या: ही चार बाळं या मावशींची. भरवणं, बदलणं, झोपवणं त्यांनीच. त्या सुट्टीवर असतील त्या दिवसासाठी दुसऱ्या मावशीही आधीपासून ठरलेल्या.

बुडापेस्टला एमी पिक्लर या बालरोगतज्ज्ञांनी १९४६मध्ये बालगृह सुरू केलं, तिथली लंगोट बदलण्याची रीत शिकण्यासारखी आहे. सांभाळणारी बाळाला मागून उचलत नाही. समोर येते, हात दाखवते, "आता उचलते" म्हणते आणि थांबते. बाळ अंग सैल करतं किंवा हात पुढे करतं, मग उचलते. बाही घालताना "हात दे" म्हणून थांबते. एकेका बाळाला पाच-सात मिनिटं पुरतात. दिवसातून पाच-सहा वेळा लंगोट बदलतो, म्हणजे अर्धा-पाऊण तास पूर्ण लक्ष त्या एकट्या बाळाकडे. वेगळा वेळ काढावा लागत नाही. आपल्या मावशी हे एका आठवड्यात शिकतात, फक्त घाई करू नका असं त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

सांजवात
रानजाई, "परत आलात की रडण्याने आई येते" यावर थोडा वाद घालते. पालक याचा अर्थ "रडू दे, उचलू नको, सवय लागेल" असा घेतील. बेल आणि एन्सवर्थ यांच्या १९७२च्या नोंदींत पहिल्या तीन महिन्यांत रडण्याला लवकर प्रतिसाद मिळालेली बाळं वर्षाअखेरीस कमी रडत होती. तान्ह्या बाळाला उचलून घेण्याची "वाईट सवय" लागत नाही. सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणं सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांनी ओसरतं. हे पालकांना आधी सांगितलं तर निम्मी घबराट जाते.

कडुनिंब
सांजवात बरोबर आहेत, पण उलट टोकही नको. प्रत्येक हुंकाराला झेप घेतलीच पाहिजे असं नाही. ऑस्ट्रेलियात सात महिन्यांच्या, झोपेची तक्रार असलेल्या ३२६ बाळांचा अभ्यास झाला. काहींच्या पालकांना थोडं थोडं थांबून धीर देण्याची किंवा शेजारी बसून हळूहळू लांब सरकण्याची रीत शिकवली. सहाव्या वर्षी तपासलं तर आई-मुलाच्या नात्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. मात्र ही सात महिन्यांनंतरची गोष्ट आहे, दोन महिन्यांच्या बाळाची नाही.

रानजाई यांचा मुद्दा निरोपाचा आहे, बाळाला रडत ठेवण्याचा नाही. आई गेल्यावर मावशींनी उचलायचंच आहे.

लेकव्ह्यू
परदेशातल्या मराठी घरांसाठी एक भर. बाळंतपणाला आजी येतात, व्हिसावर बहुतेक सहा महिन्यांचा मुक्काम. महिनाभर आधी आल्या असतील तर बाळ पाच महिन्यांचं असताना परततात, ते निभतं. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी आल्या असतील तर निघतात तेव्हा बाळ आठ-नऊ महिन्यांचं, आणि दिवसभर तेच माणूस जवळ असलेलं. त्याच आठवड्यात डे-केअर सुरू करतात. एकदम दोन गोष्टी नकोत.

आजी असतानाच, निघण्याच्या चार-पाच आठवडे आधी डे-केअर सुरू करा. झोपवणं-भरवणं यातलं एक एक काम आई-बाबांकडे घ्या, आठवड्याला एक. विमानतळावरचा निरोप बाळासमोर घ्या. आजींची वापरलेली, न धुतलेली ओढणी किंवा साडीचा तुकडा जवळ असू द्या, पण पाळण्यात झोपताना नाही. रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल. दोन वर्षांखाली स्क्रीन नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने व्हिडिओ कॉल त्यातून वगळला आहे. पाच मिनिटं पुरे. आजींनी प्रश्न विचारत बसण्यापेक्षा पदराआड तोंड लपवून बुवाकुक करावं, तेच बाळाला समजतं.

खडीसाखर
बुवाकुक म्हणजे "नाहीशी झाले, परत आले" याचाच सराव की!

कडुनिंब
अगदी तेच. म्हणून सहाव्या महिन्यापासून बाळं त्यावर इतकी खिदळतात. पाळणाघरात यायच्या आधीच्या महिन्यात रोज खेळावं. मग खेळातच दोन सेकंदांसाठी दाराआड, मग दहा, मग स्वयंपाकघरातून नुसता आवाज.

रेशीमगाठ
दत्तक घरांसाठी, कारण यातलं काही तिथे उलटं करावं लागतं. बाळ वर्ष-सव्वा वर्षाचं असेल तर ते आधीच्या मावशींना सोडून येतं. तो वियोगच आहे. शक्य असेल तर घरी आणण्याआधी काही दिवस संस्थेत जाऊन भेटा. तिथलं दुपटं न धुता घरी आणा, खाण्याच्या वेळा आणि झोपवण्याची रीत विचारून घ्या आणि आधी तीच ठेवा.

पहिले सहा-आठ आठवडे भरवणं, आंघोळ, झोपवणं फक्त आई-बाबांनी करावं. नातेवाइकांनी यावं, डबा द्यावा, बाळाला उचलू नये. बारशासारखा मोठा कार्यक्रम नंतर. घरात आल्या आल्या बाळ सगळ्यांकडे हसत जातं तेव्हा "किती लवकर रुळलं" म्हणतात. पण कुणाकडेही सारखंच जाणं म्हणजे अजून आपलं माणूस ठरलेलं नाही. दोन-तीन महिन्यांनी ते पाहुण्यांना बघून आईच्या मागे लपलं की समजा काम होतंय.

बुखारेस्टच्या अनाथगृहांतल्या १३६ मुलांचा अभ्यास आहे, २०००-०१मध्ये सुरू झालेला. निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं पाळक कुटुंबांत पाठवलं. लळ्याच्या बाबतीत कुटुंबात गेलेली मुलं पुढे गेली, दोन वर्षांच्या आत गेलेली सगळ्यात जास्त. म्हणून उशीर नको. पण दोन वर्षांनंतर आलेल्या मुलाला लळा लागतच नाही, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

सांजवात
माहितीपत्रकात आईसाठी दोन ओळी हव्यात. बाळाची खूण दिसायला आईचं मन थोडं तरी ठिकाणावर लागतं. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू येणं, कशातच रस नसणं, बाळ झोपलं तरी झोप न लागणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, हे आईपणातलं न्यून नाही, आजार आहे आणि तो बरा होतो. डॉक्टर दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली वापरतात, त्यात गेल्या सात दिवसांचं विचारतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. जिवाचं बरंवाईट करण्याचा किंवा बाळाला इजा करण्याचा विचार येत असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

अबोली
आणि बाळासाठी दोन: तीन महिने पूर्ण होऊनही (लवकर जन्मलेल्यांचं वय वर सांगितल्याप्रमाणे) तोंडाकडे बघून हसत नसेल, किंवा नवव्या महिन्यात आवाजाला आवाज, हसण्याला हसणं अशी देवाणघेवाण नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ऐकू येणं आणि दिसणं आधी तपासतात. लळा कमी पडला असं ठरवून आईला दोष देण्याआधी कान तपासा. सरकारी व्यवस्थेत जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ही तपासणी होते.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. एका पानाची दोन पानं होणार, जेवणाचा तक्ता लहान करते.

तिसरी घंटा, "आई" जिथे जिथे होतं तिथे "ओळखीचं माणूस" केलं, फक्त सांजवात यांच्या ओळी सोडून. एक शंका उरली. आमच्याकडे नवी बाळं महिन्याच्या एक तारखेला येतात, वार कुठलाही. श्टुटगार्ट यांच्या हिशेबाने चौथा दिवस कधीकधी सोमवारी येणार.

मुक्काम श्टुटगार्ट
मग तारीख सोडा, वार धरा. मंगळवारी सुरू करा. मंगळ, बुध, गुरू पालक खोलीत, शुक्रवारी पहिली ताटातूट, आणि त्याच वेळेला, त्याच मावशींकडे.

रानजाई
शुक्रवारी नको. लगेच दोन दिवस घरी, आणि सोमवारी दुसरी ताटातूट पहिल्यासारखीच जाईल. गुरुवारी सुरू करा: गुरू, शुक्र, सोम पालक खोलीत, मंगळवारी ताटातूट, पुढे सलग तीन दिवस हातात.

मुक्काम श्टुटगार्ट
हे जास्त बरं. गुरुवारच धरा.

ओसरी
गुरुवार छापते. प्रवेशाच्या अर्जावरची एक तारीखही काढून टाकते.